अनुभव धागा: परसातल्या शेडपर्यंत वीज नेताना

घरामागे १२ बाय १० ची पत्र्याची शेड उभी केली आहे. निवृत्तीनंतर सुतारकामाची हौस, दुसरं काही नाही. मीटरपासून शेड १४० फुटांवर, मध्ये आंबा आणि गांडूळखताचा हौद. दोन वायरमन येऊन गेले. पहिला म्हणाला, "काका, जीआय तार ओढतो, आंब्याचा आधार घेऊन वरून वायर नेतो, साडेचार हजारांत काम." दुसऱ्याने चर, आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, शेडमध्ये वेगळा डीबी (वीज वाटणारा बोर्ड), आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच), नवं अर्थिंग असं करत आकडा २८ हजारांवर नेला. म्हणजे शेडच्या निम्मे पैसे विजेलाच!

परसात, गोठ्यात, मळ्यात, परदेशातल्या बागेत ज्यांनी अशी वीज नेली त्यांनी लिहा. खर्च किती आला, कुठला नियम आडवा आला, काय चुकलं. सल्ले घरात भरपूर मिळतात, अनुभव हवेत.

सांगली जिल्ह्यातून

आमचा गोठा घरापासून २०० फूट. कडबाकुट्टीची १ एचपीची सिंगल फेज मोटर. घरात उरलेली दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर होती, तीच ओढली, खर्च जवळजवळ शून्य. संध्याकाळी बटण दाबलं की मोटर नुसती हूं करायची, पातं हलायचं नाही. दोनदा वायंडिंग जळालं. तिसऱ्या खेपेला रिवायंडिंगवाल्यानेच कागदावर मांडून दाखवलं. जाऊन-येऊन ४०० फूट दीड एमएम तांबं म्हणजे दीड ओहमच्या आसपास. मोटर उठताना ३० अँपिअर ओढते, म्हणजे ४५ व्होल्ट वायरमध्येच गेले. गावात संध्याकाळी आधीच २०० येतात, मोटरीला उरले दीडशे. उठणार कशी? ६ एमएम टाकल्यावर तेच नुकसान ११ व्होल्टवर आलं. दोन्ही रिवायंडिंगच्या पैशात निम्मी केबल आली असती. काका, तुमचा रंधाही मोटरीवरच चालणार ना?

नाशिकहून

तुमच्या पहिल्या वायरमनने सांगितलं तेच मी केलं होतं. वरून वायर, झाडाचा आधार, पत्र्याची शेड. दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी वळवाच्या पावसानंतर आमचा कुत्रा शेडमध्ये जाईना. दारापर्यंत यायचा, ओल्या फरशीवर पाय ठेवायचा आणि केकाटून मागे पळायचा. आम्ही हसलो, म्हटलं आत साप असेल. मी चपला घालून आत जाऊन आलो, मला काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी बायको अनवाणी गेली आणि दाराच्या कडीला हात लावताच फेकली गेली. वाचली.

वाऱ्याने हलून हलून वायर पत्र्याच्या कडेवर घासली होती, आतलं तांबं उघडं पडलं होतं. अख्खी शेड जिवंत! एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) मात्र शांत, कारण शेडला अर्थिंगच नव्हतं. करंट जायला वाट नाही, तर एमसीबी पडणार कशाने? आता ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे आणि पत्र्यालाही अर्थिंगची पट्टी जोडली आहे. महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबतो. ते काम बायकोने माझ्याकडेच दिलं आहे.

रत्नागिरीहून

अर्थिंगवरून लिहितो. आमच्याकडे जांभा. पहार आपटली की ठिणगी उडते, खड्डा होत नाही. कसाबसा तीन फूट खणून कोळसा-मीठ भरलं, प्लेट पुरली. पावसाळ्यात उत्तम. एप्रिलमध्ये मोजलं तर ६० ओहम. २३० ला ६० ने भागा, चारसुद्धा अँपिअर होत नाहीत. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर जन्मात पडायचा नाही. आरसीसीबीला मात्र तेवढी वाट भरपूर. तरीही दुसरं अर्थिंग केळीच्या आळ्यात केलं, मोरीचं पाणी बारमास तिथेच मुरतं. तिथे ९ ओहम मिळाले.

पुणे जिल्हा, शेतघर

माझी चूक वेगळी, वायरिंग चोख होतं. शेतात शेती पंपाचं कनेक्शन, बाजूला अवजारांची शेड. त्याच मीटरवरून शेडमध्ये दिवे घेतले, मग फ्रिज, मग पाहुण्यांसाठी गीझर. तपासणी आली. वीज कायदा २००३, कलम १२६: मंजूर कारण सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली तर तो अनधिकृत वापर, आकारणी लागू दराच्या दुप्पट. कधीपासून वापर आहे हे ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरतात. मी आकडा टाकला नव्हता, बिलंही भरत होतो, म्हणून स्वतःला निर्दोष समजत होतो! नंतर घरगुती कनेक्शन वेगळं घेतलं. काकांचं मीटर घरगुती आणि शेड त्याच आवारात, त्यामुळे ही भानगड त्यांना नाही. पण शेडमध्ये धंदा सुरू केलात तर आधी दर विचारा.

लेस्टर, इंग्लंड

इथे शेड उभी करायला बहुतेक वेळा परवानगी लागत नाही, तिथे वीज न्यायची तर कळवावं लागतं. बिल्डिंग रेग्युलेशन्सचा पार्ट पी (घरातल्या वीजकामाचे नियम), २००५ पासून. नवं सर्किट म्हटलं की नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन तरी हवा, नाहीतर कामाआधी कौन्सिलला कळवून फी भरा. मला १८ मीटरला ९५० पौंड पडले. चर मी स्वतः खणला म्हणून एवढ्यात भागलं. पाठ अजून दुखते. इलेक्ट्रिशियनने सर्वांत जास्त वेळ एकाच गोष्टीवर घालवला: घराचं अर्थिंग शेडपर्यंत न्यायचं की तिथे वेगळा रॉड ठोकायचा. शेवटी रॉड ठोकला. सर्टिफिकेट जपून ठेवलंय. घर विकताना समोरचा वकील पहिल्यांदा तेच मागतो.

न्यू जर्सीहून

खणण्याआधी ८११ ला फोन, जमिनीखालच्या लाइनी दाखवणारी सेवा. फुकट येतात, जमिनीवर रंगाने रेघा मारून जातात: वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळं. केबल थेट पुरायची तर २४ इंच खोल, पीव्हीसी पाइपातून १८. चर उघडाच ठेवायचा, इन्स्पेक्टर बघून गेला की मग बुजवायचा. आमच्याकडे तो आठवडाभर आला नाही, चराचा हौद झाला. आणि एवढं करून मी बागेच्या स्प्रिंकलरचा पाइप तोडलाच. ८११ वाले कंपन्यांच्या लाइनी दाखवतात, आपल्या खासगी नाही.

जर्मनीहून

आमची भाड्याची छोटी बाग आहे, क्लाइनगार्टन. १९८३ च्या कायद्याने तिथली खोली ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या आत, तीही कायम राहण्याजोगी नको. आमच्या बागेत वीजच नाही. कॉफी थर्मासमधून.

नागपूरहून

मी २० वॉटचं सोलर पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन एलईडी लावले. तीन हजार. रोपांच्या शेडला बास.

> ताई, त्यावर रंधा मशीन चालेल का?

नाही हो काका. दिवा लावा आणि हाताने रंधा मारा, तब्येतही राहील.

धागाकर्ता, दीड महिन्यानंतर

दुसऱ्या वायरमनला बोलावलं. नाशिकचा अनुभव घरात मोठ्याने वाचून दाखवला होता, त्यानंतर पैशावर चर्चाच झाली नाही. ४ एमएमची तांब्याची आर्मर्ड केबल, अडीच फूट चर, तळाला वाळू, केबलवर विटांची ओळ आणि मग माती. आंब्याच्या मुळाला वळसा घालावा लागला, शिवाय जुनी पाण्याची लाइन फुटली (आमच्याकडे ८११ म्हणजे आमचे थोरले काका, आणि ते विसरले). एकूण ३१,२००. अर्थिंग हौदाच्या ओलीजवळ केलं, ही युक्ती रत्नागिरीकरांची.

कुत्रा आमच्याकडे नाही. शेजारचं मांजर मात्र पावसाच्या रात्री दाराच्या फटीतून शेडमध्ये शिरून भुशात झोपतं.