समुद्रालगतच्या नदीखोऱ्यात पूरसंरक्षक भिंत पुरेशी ठरते का?

काठावरचा:
आमची वस्ती नदीच्या मुखापासून थोडी आत, अरुंद खोऱ्यात आहे. सारखाच पाऊस पडूनही एखाद्या वेळी पाणी पात्रातच राहते आणि एखाद्या वेळी घरांत शिरते, हे मला उलगडत नाही. आता पूरसंरक्षक भिंतीचा प्रस्ताव आला असून ती ‘शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी’ पुरेशी असल्याचे सांगितले जाते. हरकती नोंदवताना नेमके काय विचारावे?

भरतीओहोटी:
आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर बहुधा समुद्राकडे आहे. नदीचे पाणी वाहून जाण्यासाठी मुखाशी समुद्राची पातळी खाली असावी लागते. पुराचा लोंढा ओहोटीच्या वेळी पोहोचला तर तो निघून जातो. तोच अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाच्या भरतीत पोहोचला, तर पाणी तुंबते आणि त्याचा फुगवटा खोऱ्यात मागे मागे सरकत जातो. त्यात वादळ असेल तर हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर वर येतो, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा त्यात बरीच अधिक भर घालतो. मोठा पाऊस आणि चढलेला समुद्र पुष्कळदा एकाच वादळातून येतात, त्यामुळे त्यांना दोन स्वतंत्र योगायोग मानून केलेला हिशेब धोका कमी दाखवतो. म्हणून पहिला प्रश्न असा असावा: भिंतीची उंची ठरवताना मुखाशी समुद्राची कोणती पातळी धरली आहे, आणि पुढील काही दशकांत समुद्र वर येईल व जमीन खचेल हे त्यात आहे का? लंडनचा टेम्स बॅरिअर, म्हणजे टेम्स नदीवरील उघडझाप करणाऱ्या दारांचा बंधारा, मुख्यतः समुद्राचे पाणी अडवण्यासाठी असला, तरी नदीला पूर असताना ओहोटीनंतर लगेच त्याची दारे लावून वरून येणाऱ्या पाण्यासाठी आत जागा राखली जाते, यावरून दोन्ही पाण्यांचा एकत्र विचार किती आवश्यक आहे हे दिसते.

हिशेबी:
‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. शिवाय भिंत झाली की तिच्यामागे बांधकामे वाढतात, आणि ती ओलांडली गेली की नुकसान पूर्वीपेक्षा मोठे होते. भिंतीच्या आत पडलेला पाऊस कोठे जाणार, हेही विचारा. भिंतीतून नदीत उतरणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी बसवलेली झडपांची दारे नदी चढल्यावर बंद होतात. त्या वेळी पंप नसतील तर वस्ती स्वतःच्याच पाण्यात बुडते.
माझे मत विचाराल तर भिंत मागे सरकवावी. नेदरलँड्समध्ये 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर नदीला जागा देण्याचे धोरण आले आणि नायमेखेन येथे वाल नदीचा बांध सुमारे 350 मीटर मागे नेण्यात आला.

डोंगरउतार:
तो उपाय सपाट प्रदेशातला आहे. अरुंद खोऱ्यात मागे सरकायला जागाच नसते, आणि तेथे धोका वेगाचा असतो. इंग्लंडमधील लिनमथ येथे 15 ऑगस्ट 1952 च्या रात्री डोंगरावरून आलेले दगड आणि झाडे पुलांत अडकली, पाण्याने वाट बदलली आणि 34 जण मृत्युमुखी पडले. त्यामुळे पुलांच्या कमानींतून ओंडके पार होतील का, आणि वरच्या बाजूला पाऊस झाल्यापासून पाणी वस्तीत येईपर्यंत किती वेळ मिळतो, हे दोन प्रश्न मी भिंतीच्या उंचीच्याही आधी ठेवीन.

काठावरचा:
प्रस्तावात समुद्राची ‘सरासरी पातळी’ धरल्याचा उल्लेख आहे. हे चालण्यासारखे आहे का?

भरतीओहोटी:
नाही. सरासरी पातळी म्हणजे भरती-ओहोटीच्या साधारण मधली पातळी, आणि आपले पाणी तुंबते ते भरतीच्या शिखरापाशी. उधाणाची भरती आणि वादळामुळे चढणारा समुद्र धरून पाण्याची पातळी पुन्हा काढावी आणि आधीच्या व नव्या पातळीनुसार कोठवर पाणी येईल याचे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून दाखवावेत, अशी लेखी मागणी करा.