इंडोशीनचं 'कॉलेज बॉय': अकरावीच्या मुलांना दाखवावं का?

फ्रेंचवाली_वर्तकनगर

नमस्कार. ठाण्यात वर्तकनगरला मी घरीच फ्रेंचचे क्लास घेते. एक बॅच दहावीची, एक अकरावी-बारावीची. बहुतेक मुलं मार्क चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेतात, त्यात गैर काही नाही. पण भाषा नुसत्या व्याकरणावर टिकत नाही. म्हणून भविष्यकाळ शिकवून झाला की मी मुलांना एक काम देते: भविष्यकाळी क्रियापदं असलेलं एक फ्रेंच गाणं शोधायचं, त्याचे शब्द वहीत उतरवायचे आणि वर्गात ऐकवायचं.

यंदा अकरावीतल्या एका मुलीनं 'कॉलेज बॉय' आणलं. इंडोशीन हा फ्रान्सचा जुना बँड, १९८१ पासूनचा. निकोला सिर्किस त्याचा गायक. हे गाणं २०१३ च्या 'ब्लॅक सिटी परेड' या अल्बममधलं आहे. चाल अशी की पहिल्यांदा ऐकतानाच पाय ठेका धरतो. आणि शब्द? एक पोरगा म्हणतोय, आपलं जगणं सोपं नसणार हे मला इथूनच कळायला लागलंय, या लोकांसाठी मी फार वेगळा ठरणार आहे. तो मुलगा समलिंगी आहे आणि ते त्याचं त्यालाच आत्ता कुठे उमगतंय, असा गाण्याचा सरळ रोख आहे. भविष्यकाळ तर ओळीओळीला. अभ्यासासाठी याहून चांगलं उदाहरण मलाही सापडलं नसतं.

पोरीनं वर्गात फक्त ऑडिओ लावला होता. जाताना म्हणाली, "मॅडम, व्हिडिओ पण बघा, पण एकट्या असताना बघा." रात्री जेवणं आवरल्यावर बघितला. सहा-एक मिनिटांचा, काळापांढरा. शाळेचा वर्ग, गणवेशातली मुलं, आणि एकाच मुलावर कागदाचे बोळे येऊन पडतायत. मग धक्काबुक्की, मग मारहाण. ते वाढत वाढत इतकं वाढतं की शाळेच्या आवारात त्याला क्रूसावर चढवतात आणि त्याच्यावर गोळ्या झाडतात. भोवती उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. मुलांच्या तर आहेतच, मोठ्या माणसांच्याही.

आता मला हे इथे का विचारावंसं वाटलं ते सांगते. त्याच बॅचमध्ये एक मुलगा आहे. हुशार, उच्चार तर सगळ्यांत स्वच्छ. बोलताना हात जरा जास्त हलतात, आवाज मऊ. बाकीच्या पोरांनी त्याला एका नटीचं नाव ठेवलंय. जिना चढताना, चपला काढताना, मी पाणी आणायला आत गेले की त्याच नावानं हाका चालतात. तोही हसतो. त्याचं ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही.

व्हिडिओ बघितल्यावर वाटलं, हा सगळ्यांना एकदा दाखवावा. नंतर वाटलं, दाखवला आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडेच वळल्या तर? तुमच्यापैकी कोणी हा व्हिडिओ मुलांबरोबर पाहिलाय का? पाहिला असेल तर कसा? आणि दाखवू नये असं वाटत असेल तर तेही कारणासकट सांगा. मनापासून विचारतेय.

---

नेरूळकर

ताई, मी व्हिडिओ एडिटिंग करतो, त्यामुळे माझं बोलणं थोडं त्या अंगानं जाईल.

दिग्दर्शक झाव्हिए दोलाँ. कॅनडातल्या क्युबेकचा, जन्म १९८९ चा, म्हणजे हा व्हिडिओ आला तेव्हा चोवीस वर्षांचा. वीस वर्षांचा असताना त्याचा पहिला सिनेमा फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात गेला होता. गायिका अडेलच्या 'हॅलो'चा व्हिडिओ तुमच्या मुलांनी नक्की पाहिला असेल, तोही त्याचाच, २०१५ चा. 'कॉलेज बॉय'मधला मुलगा म्हणजे आंत्वान-ऑलिव्हिए पिलाँ. पुढच्याच वर्षी दोलाँनं त्याला 'मॉमी'त मुख्य भूमिका दिली आणि त्या सिनेमाला कानमध्ये ज्यूरी पुरस्कार मिळाला.

व्हिडिओ परत बघाल तेव्हा चौकटीकडे लक्ष द्या. चित्र रुंद नाही, चौकोनी आहे, चारी बाजू सारख्या. पडद्यावर एका चेहऱ्यापुरतीच जागा उरते. त्या मुलाला बाजूला सरकायला वावच नाही. 'मॉमी'तही त्यानं हीच चौकट वापरली.

दुसरी गोष्ट क्रमाची. लोक क्रूस आणि पिस्तुलावर बोलतात, पण माझ्या मते खरी कारागिरी त्याच्या आधी आहे. प्रत्येक कृती आधीच्या कृतीपेक्षा फक्त एका पायरीनं वाईट आहे. बोळा फेकणारा कोणी खुनी नसतो. पण बोळ्याला कोणी हटकलं नाही म्हणून धक्का बसतो, धक्क्याला हटकलं नाही म्हणून मार. कुठल्या पायरीवर थांबवायला हवं होतं, असं विचारलं तर उत्तर बोळ्यापाशीच येऊन थांबतं. तुमच्या वर्गातली ती नटीच्या नावाची हाक म्हणजे तो बोळाच आहे, ताई.

वेळही बघा. व्हिडिओ आला मे २०१३ मध्ये. एप्रिलमध्ये फ्रान्सच्या संसदेनं समलिंगी विवाहाचा कायदा मंजूर केला होता, मे महिन्यात तो लागू झाला. बाजूनं आणि विरोधात पॅरिसच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चे निघत होते. त्या गदारोळात हा व्हिडिओ पडला. प्रसारणावर देखरेख ठेवणारी संस्था तेव्हा सीएसए होती, २०२२ पासून तिची जागा आर्कोमनं घेतली. सीएसएच्या तेव्हाच्या सदस्य फ्राँस्वाज लाबोर्द यांनी जाहीरपणे सांगितलं की असली हिंसा अल्पवयीन प्रेक्षकांसमोर येता कामा नये. काही वाहिन्यांनी तो लावायला नकार दिला. दोलाँनं लाबोर्द यांना खुलं पत्र लिहिलं.

माझं मत दोलाँच्या बाजूचं. रोज रात्री मालिकांमधून आणि सिनेमांमधून माणसं मरताना आपण जेवता जेवता बघतो, तेव्हा कोणी नियामकाला पत्र लिहीत नाही. इथे त्रास होतो, कारण मार खाणारा गणवेशात आहे आणि मारणारेही.

---

अकरावीची_आई

मी घोडबंदर रोडला राहते, माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. नेरूळकर, तुमचं विश्लेषण वाचून व्हिडिओ बघायला घेतला आणि क्रूसापाशी बंद केला. मला नाही बघवला.

फ्रेंचवाली ताई, तुमचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण आम्ही मुलं तुमच्याकडे भाषा शिकायला पाठवतो. मला न विचारता माझ्या मुलाला कोणी शाळकरी मुलाला गोळ्या घालताना दाखवलं, तर मला राग येईल. आधी कळवलंत, बोलावून सांगितलंत, तर कदाचित मी हो म्हणेन. कदाचित शेजारी बसूनही बघेन.

आणि क्रूसाचंही ध्यानात घ्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत कितीतरी मुलं कॉन्व्हेंट शाळांमधून आलेली असतात, काही ख्रिस्ती घरांतलीही असतात. त्यांच्यासाठी ते चिन्ह देवाचं आहे. दिग्दर्शकाला जे म्हणायचंय ते मला समजतं, निरपराधाला सगळ्या गावादेखत मारलं गेलं. पण एखाद्या मुलीला ते बघून रडू आलं, तर तिला समजवायला तुमच्या हाताशी वेळ असला पाहिजे. तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकायची ही गोष्ट नाही.

त्या मुलाच्या हसण्याबद्दल लिहिलंत ते मात्र मला लागलं. आज माझ्या मुलाला विचारणार आहे, तुमच्या क्लासमध्ये कोणाला अशी नावं ठेवतात का. आणि तू ठेवतोस का, हेही.

---

समुपदेशक_सीवूड्स

मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. बाकी चर्चेपेक्षा मला तो एक मुलगा महत्त्वाचा वाटतो, म्हणून स्पष्टच लिहिते.

त्याच्यासमोर, त्याच वर्गात, हा व्हिडिओ सध्या दाखवू नका. तुम्हाला वाटेल सगळे हळहळतील. काही हळहळतीलही. पण सहा मिनिटं तो स्वतःला त्या आवारात बघत बसेल आणि बाकीचे त्याला बघत बसतील. दुसऱ्या दिवशी त्याला नवीन नाव पडलेलं असेल. माझ्या कामात मी हे घडताना पाहिलंय: चांगल्या हेतूनं दाखवलेली गोष्ट चिडवायचं हत्यार बनते.

त्याच्याशी एकट्याशी बोला, पण मुद्दाम थांबवून ठेवू नका, इतरांना ते लगेच कळतं. वही परत द्यायच्या निमित्तानं बोला. "तू तसा आहेस का?" हा प्रश्न अजिबात नको. तो कसा आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि कदाचित त्यालाही अजून नसेल. हातवारे आणि आवाज यांवरून काहीच ठरत नाही. फक्त एवढं सांगा: "तुला त्या नावानं हाक मारतात ते मी ऐकलंय. मला ते आवडत नाही. मी ते थांबवणार आहे. कसं थांबवलेलं तुला बरं वाटेल?" शेवटचा प्रश्न गाळू नका. आणि त्यानं काही सांगितलं तर ते त्याच्या घरी परस्पर कळवू नका. जिवाला धोका दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

मग वर्गाचं बघा. चिडवणारे बहुधा दोघं-तिघं असतात, हसणारे दहा. मी नेहमी त्या दहांवर काम करते, कारण हसू बंद झालं की चिडवण्यातली मजा जाते. या व्हिडिओतल्या पट्ट्या त्या दहांच्या डोळ्यांवर आहेत. नेरूळकरांचा पायऱ्यांचा मुद्दा मला पटला, पण वर्गात बोलायचं तर मी पट्टीपासून सुरुवात करेन.

मुलांना दोन नंबर देऊन ठेवा: १०९८ चाइल्डलाइन, आणि १४४१६ टेलिमानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मदतवाहिनी. दोन्ही मोफत. फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेले राहू देत, म्हणजे कोणासाठी लिहिलेत हा प्रश्नच येत नाही.

---

खारघर_टेकडी

फ्रेंच गाण्यांचा जुना श्रोता म्हणून थोडी भर. अंगावर येणारे व्हिडिओ फ्रेंच पॉपला नवीन नाहीत. गायिका मिलेन फार्मरनं ते ऐंशीच्या दशकातच सुरू केलं. १९८६ चं तिचं 'लिबर्तीन' अठराव्या शतकातल्या पेहरावात, द्वंद्वयुद्ध आणि नग्नतेसकट, दहा मिनिटांहून लांब, लोराँ बुतोनानं सिनेमासारखं चित्रित केलेलं. १९९९ च्या 'जे त राँ तोन आमूर'मध्ये चर्च, अंध नायिका आणि रक्त होतं. वाहिन्यांनी त्यावर कात्री चालवली, तेव्हा त्याची व्हिडिओ कॅसेट वृत्तपत्रांच्या स्टॉलवर विकायला ठेवली आणि पैसे एड्सविरोधी कामाला दिले.

मला ते व्हिडिओ आवडतात, पण त्यात सौंदर्याचा सोस आहे. 'कॉलेज बॉय' वेगळा आहे. त्यात बघून सुख वाटावं असं काही ठेवलेलंच नाही.

पण ताई, एका गोष्टीकडे कोणी बघितलं नाही. क्रूस, पिस्तूल, पट्ट्या हे सगळं दोलाँचं आहे. सिर्किसच्या शब्दांत यातलं काहीच नाही. तिथे तो पोरगा म्हणतो, मला जेव्हा स्वतःची खात्री वाटेल, जेव्हा मी आत्ताइतका हळवा नसेन, तेव्हा सगळं ठीक होईल. गाण्यातला मुलगा जिवंत आहे आणि पुढच्या आयुष्याचा विचार करतोय, म्हणून तर तुमच्या विद्यार्थिनीला इतका भविष्यकाळ सापडला. व्हिडिओत त्याला ते पुढचं आयुष्य मिळत नाही. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला दोन्हीपैकी एक ऐकवायचं असेल, तर मी गाणं ऐकवेन.

---

फ्रेंचवाली_वर्तकनगर

सगळ्यांचे आभार. सगळं दोनदा वाचलं.

खारघर_टेकडी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदानं माझा निर्णय झाला. वर्गात गाणं घेणार, शब्दांसकट, पूर्ण तासभर. मुलांना त्यातल्या "ठीक होईल"च्या ओळीपासून स्वतःची पाच वाक्यं लिहायला सांगेन, प्रत्येक वाक्य भविष्यकाळात. ती वाक्यं मोठ्यानं वाचायची सक्ती नाही.

समुपदेशक ताई, तुम्ही सांगितलं तसं त्याच्याशी बोलले, वही देतानाच. तो आधी "काही नाही मॅडम, मजा करतात" म्हणाला. मी गप्प राहिले. मग म्हणाला, "सगळ्यांसमोर रागावू नका, मग ते खाली गेटवर जास्त करतात." हे मला माहीतच नव्हतं. म्हणून आता चिडवणाऱ्या दोघांना वेगवेगळं भेटणार आहे, त्याचं नाव न काढता, मी स्वतः ऐकलेल्या हाकांबद्दल. आणि क्लासचा नियम सगळ्या बॅचना सांगितला: माझ्या घरात, जिन्यात आणि गेटपर्यंत प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावानंच हाक मारायची.

अकरावीची_आई, व्हिडिओ मी दाखवणार नाही. पण तो एका मुलीनं पाहिलाय म्हणजे उद्या सगळे आपापल्या फोनवर पाहतील, हेही खरं. म्हणून पालकांच्या ग्रुपवर गाण्याची माहिती, व्हिडिओत काय आहे ते, आणि मुलांबरोबर बसून बघायचा असेल तर मला आधी फोन करा, असं लिहून टाकलंय. दोघा पालकांचे फोन आले. एक चिडले होते. त्यांच्याशी रविवारी सविस्तर बोलायचं ठरलंय.

---

नेरूळकर

ताई, बारावीला व्हिडिओ दाखवायचं कधी ठरवलंत, तर पहिलं मिनिटच दाखवा आणि बोळ्यांवर थांबवा. तेवढा तुकडा हवा असेल तर मला मेसेज करा, कसा कापायचा ते सांगतो.

---

अकरावीची_आई

मुलाला विचारलं. आधी "नाही" म्हणाला. जेवताना परत विषय काढला तेव्हा म्हणाला, "मी नावं ठेवत नाही, पण हसतो." ताई, ती पाच वाक्यांची कल्पना मी घरी वापरू का? त्याला फ्रेंच येत नाही, मराठीतच लिहून घेईन.