जर्मनीत शिकतोय, आधी इंग्रजी सुधारू की जर्मन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळचा बार्शीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सोलापुरात मेकॅनिकल. ऑक्टोबरपासून जर्मनीत केम्निट्झला मास्टर्स करतोय. कोर्स पूर्ण इंग्रजीत, म्हणून जर्मनची ए-१ ही सगळ्यात खालची पातळी तेवढी उरकून आलो, पुढचं पुढे बघू म्हटलं. तिथेच फसलो.

इंग्रजी लिहिण्या-वाचण्यात अडचण नाही, आयईएलटीएसच्या इंग्रजी परीक्षेत साडेसहा होते. पण ग्रुप प्रोजेक्टमध्ये बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मराठीत जुळतं, मग इंग्रजीत, आणि तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. गटात दोन जर्मन, एक इराणी मुलगी आणि मी. दहा मिनिटं इंग्रजी चालतं, मग त्या दोघांचं आपापसात जर्मन सुरू. मुद्दाम करत नाहीत, हे कळतं. किचनमध्ये आम्ही चार मराठी पोरं जमलो की आमचंही तेच होतं, शेजारी कोण उभंय याचं भान राहत नाही.

कॉलेजच्या बाहेर तर इंग्रजीचा उपयोग भाजी घेण्यापुरताही नाही. आल्यावर महिन्याभरात एक जर्मन पत्र आलं. जाहिरात असेल म्हणून फ्रिजवर ठेवून दिलं. ती निघाली रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी. टीव्ही असो-नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. मला कळलं तेव्हा वर ८ युरो दंड बसला होता. चूक माझीच, पण पोटात गोळा आला.

गंमत म्हणजे आकडे मात्र पटकन जमले. 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणजे 'एक आणि वीस', आपलं एकवीसच की! त्या जोरावर जरा फुशारलो होतो. 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेआठ नव्हे तर साडेसात, हेही क्लासमध्ये शिकलो होतो. मग हीटरवाल्याने फोनवर 'फियर्टल आख्ट' सांगितलं. मी समजलो सव्वाआठ. या सॅक्सनी भागात त्याचा अर्थ आठव्या तासाचा पाव भाग, म्हणजे सव्वासात! तो बेल वाजवून गेला, मी कानात बोळे घालून झोपलेलो. दारावर चिठ्ठी, तीही जर्मनमध्ये. पुढची तारीख मिळेपर्यंत स्वेटर घालून अभ्यास केला.

आता खरा पेच. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यात भागतं पण उरत काही नाही. वेर्कस्टुडंटच्या, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ कामाच्या जागांसाठी अर्ज केले, तर बहुतेक ठिकाणी जर्मनची बी-२ मागतात, म्हणजे ए-१च्या तीन पायऱ्या वर. इथली पदवी घेऊन दोन वर्षं नोकरी केली की इथे कायम राहण्याचा परवाना मिळू शकतो, त्यालाही बी-१ लागतं. म्हणजे जर्मन टाळून चालणार नाही. पण या सेमिस्टरला पाच विषय आहेत आणि शेवटी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन इंग्रजीत. संध्याकाळी जर्मन क्लास लावला की दुसऱ्या दिवशी सेमिनारमध्ये 'बट'च्या जागी 'आबर' निघतं. तिन्ही भाषांची खिचडी झालीय.

इथे आधी येऊन गेलेल्या ताई-दादांनी सांगावं. एक विषय पुढे ढकलून आताच ए-२ करू, की ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुट्टीत रोजचा इंटेन्सिव्ह कोर्स घेऊ? युनिव्हर्सिटीचा वर्ग बरा की फोल्क्सहोखशूलेचा (गावातलं प्रौढ शिक्षण केंद्र)? टँडेम पार्टनरचा, म्हणजे एकमेकांना आपापली भाषा शिकवणाऱ्या जोडीदाराचा, खरंच उपयोग होतो का, की दोघंही शेवटी इंग्रजीतच बोलत बसतात? गटातल्या त्या दोघांना 'इंग्रजीत बोला' हे वाईट न वाटता कसं सांगू? आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना खास प्रश्न: ते डोक्यातलं आधी मराठी वाक्य जुळवणं कधी थांबलं? आपोआप, की काही करावं लागलं?

'जर्मन मालिका बघ' हा सल्ला कृपया नको. दुसऱ्या भागातच झोप लागते.