पत्र्याच्या कामाला कोणते हातमोजे? (मदत हवी आहे, जरा अर्जंट)

भोसरीकर: लोकहो, शॉपमधल्या पोरांसाठी कोटिंगवाले हातमोजे घ्यायचेत. दुकानदाराने नायट्राइल, पीयू (पॉलीयुरेथेन), लेटेक्स सगळं पुढ्यात टाकलं आणि प्रत्येकाला "हेच जास्त जातं" म्हणतो. मागचे तर आठवडाभरात फाटले. उद्या ऑर्डर द्यायचीय, एक काय ते सांगा, लेक्चर नको.

पानातोडक: काम काय ते तरी लिहा.

भोसरीकर: शीर्षकात आहे की, पत्र्याचं.

सुधा_ठाणे: शेडवर चढवायचा पत्रा का? तेल लागतं का हाताला?

भोसरीकर: सीआरसी हो, कोल्ड रोल्ड पोलादी पत्रा. शिअरिंगवरून, म्हणजे कापायच्या मशीनवरून उचलायचा आणि प्रेस मशीनला लावायचा. सीआरसीला तेल असतंच, ते काय वेगळं सांगायचं!

पानातोडक: तेच सांगायचं असतं राव. मग लेटेक्स बाद, तेलाने ते रबर फुगतं आणि सुटतं. सँडी (खरखरीत) फिनिशचं नायट्राइल घ्या, पकड चांगली. पण कोटिंग पकडीसाठी असतं, धारेपासून वाचवतं ते मुख्यतः आतलं विणकाम. साध्या नायलॉनवर ईएन ३८८ (हातमोज्यांचं युरोपियन मानक) च्या चित्राखाली ४१२१एक्स असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा कापण्याचा, ५ पैकी १, आणि शेवटचा एक्स म्हणजे कापण्याची दुसरी टेस्ट केलेलीच नाही. तिथे ए ते एफ अक्षर येतं. बर (कापलेल्या कडेची धारदार कुसळं) असलेल्या पत्र्याला एचपीपीईचं (मजबूत पॉलिथिलीन धाग्याचं) विणकाम आणि निदान सी बघा.

दादा_बांधकाम: लेटेक्सला उगाच नावं ठेवू नका, आमच्या साइटवर विटा, फरशी, ओलं सुकं सगळं त्यानेच उचलतात आणि स्वस्तही पडतं.

पानातोडक: विटेला तेल नसतं दादा.

दादा_बांधकाम: मी कुठे तेल म्हटलं? मी पकड म्हणतोय.

काजूवाली: विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे काजू फोडताना टरफलातल्या तेलाने बायकांच्या हातांची सालं निघतात. कोणी राख लावतं, कोणी एरंडेल. त्यांना तळहाताचं कोटिंग चालेल का?

सुधा_ठाणे: नाही, हाताच्या मागच्या बाजूच्या विणकामातून तेल आत जाणार. पूर्ण बुडवलेले लांब बाह्यांचे घ्या. वेगळा धागा काढा ना पण.

जुना_फिटर: एक राहिलंच. ड्रिलिंग मशीनवर हातमोजे नकोतच, टोक गुंडाळलं की हात आत ओढला जातो. आणि प्रेसच्या डायखाली बोट गेलं तर सी काय नि एफ काय. गार्ड आणि दोन हातांची बटणं चालू आहेत ना?

भोसरीकर: बटणं आहेत हो, मी हातमोजे विचारले. बरं, सी वाले मिळतायत पण फक्त १० साइज. चालतील?

पानातोडक: पोरांचे हात मोजलेत का?

भोसरीकर: हात कोण मोजतं?

जुना_फिटर: मग मागचे फाटले कुठून? बोटांच्या टोकाला का?

भोसरीकर: हो, टोकालाच. पुढे एवढं रिकामं राहतं, ते पत्र्यात अडकतं.

पानातोडक: ८ आणि ९ मागवा, उद्याची ऑर्डर परवा द्या.