बीबीसी मायक्रो लगेच चालू करू नका
शाळेच्या अडगळीतून मिळालेला बीबीसी मायक्रो हा जुना संगणक रविवारी चालू करणार, असं तुमच्या पोस्टमध्ये लिहिलंय तुम्ही. कृपया थांबा! १९८४च्या 'क्लास' या शालेय संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून हे संगणक आपल्याकडच्या शाळांत आले, म्हणजे त्यातला पॉवर सप्लायही तितकाच जुना. त्यातल्या फिल्टरच्या, म्हणजे विजेतला गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटरचं आवरण तडकतं, आतला कागद ओल धरतो आणि वीज दिल्यावर थोड्याच वेळात कपॅसिटर फुटून खोलीभर धूर होतो. माझ्याकडे अगदी असंच झालं. बोर्ड वाचला, हे नशीब. आधी 'एक्स-टू' वर्गाचे, म्हणजे थेट घरच्या विजेवर जोडण्यासाठी बनवलेले, नवे पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर बसवा. पिन काढल्यावरही आत चार्ज उरतो, तेव्हा सवय नसेल तर जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' उमटलं की नक्की कळवा, वाट बघतोय.