आयरिश शिपायाची निष्ठा नेमकी कोणाशी? दगशाईच्या तुरुंगात पडलेला प्रश्न

वाटसरू

नमस्कार. गेल्या महिन्यात हिमाचलात सोलनजवळच्या दगशाई छावणीतला जुना लष्करी तुरुंग पाहिला. कॉनॉट रेंजर्स या इंग्रज सैन्यातील आयरिश पलटणीचा शिपाई जेम्स डेली याला याच तुरुंगात २ नोव्हेंबर १९२० रोजी गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये जालंधरच्या छावणीत या पलटणीतील काही शिपाई आपण होऊन पहाऱ्याच्या चौकीत गेले आणि आयर्लंडात इंग्रज सैन्य जे करत आहे ते पाहता यापुढे चाकरी करणार नाही, आम्हाला कोठडीत घाला, असे त्यांनी सांगितले. बाजारातून हिरवे, पांढरे आणि नारिंगी कापड आणून त्यांनी आपला झेंडा शिवला. पुढे सोलनला डेली आणि त्याचे सोबती शस्त्रागारावर चालून गेले, तेव्हा झालेल्या गोळीबारात दोन शिपाई ठार झाले.

त्या कोठडीबाहेर बराच वेळ उभा होतो. हीच माणसे राजाचा गणवेश घालून आपल्या देशावर पहारा देत होती आणि स्वतःच्या गावची बातमी कानावर येताच त्यांनी तोच गणवेश नाकारला. अशा माणसाला काय म्हणावे? जे आयरिश शेवटपर्यंत इंग्रजांच्या चाकरीत राहिले त्यांना त्यांचेच लोक देशद्रोही मानतात का? जाणकारांनी कृपया लिहावे.

जुनी पाने

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे त्या काळी आयरिश माणसासमोर दोन स्पष्ट वाटा होत्या आणि त्याने त्यांतील एक निवडली. १९१४ साली तसे नव्हते. आयर्लंडला स्वराज्य देणारा कायदा त्या सप्टेंबरात मंजूर झाला आणि महायुद्ध संपेपर्यंत लगेच स्थगितही झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, राष्ट्रवादी पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी वुडनब्रिज येथे आयरिश स्वयंसेवकांना (राष्ट्रवाद्यांच्या सशस्त्र दलाला) युद्धात उतरण्याचे आवाहन केले. साम्राज्याच्या हाकेला ओ दिली तर मिळालेले स्वराज्य कोणी हिरावून घेणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्या युद्धात दोन लाखांहून अधिक आयरिश माणसे लढली. बरेच जण पोटासाठी भरती झाले, हे खरे आहे. पण देशासाठीच लढतो आहोत अशा समजुतीने गेलेलेही पुष्कळ होते.

एकाच घराचे उदाहरण देतो. टॉम केटल हे डब्लिनच्या विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि कट्टर राष्ट्रवादी. १९१४ च्या उन्हाळ्यात ते आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका खरेदी करायला बेल्जियममध्ये गेले होते. तेथे जर्मन आक्रमण डोळ्यांनी पाहिले आणि ते इंग्रज सैन्यात दाखल झाले. त्यांचे साडू फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन हे शांततावादी होते आणि सैन्यभरतीला त्यांचा उघड विरोध होता. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनला इंग्रज सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला, तेव्हा हे साडू रस्त्यावरची लुटालूट थांबवण्यासाठी हिंडत होते. इंग्रज सैन्याने त्यांना पकडले आणि चौकशी न करता बराकीच्या आवारात गोळ्या घातल्या. हुकूम देणारा अधिकारीही कॉर्कचा, म्हणजे आयरिशच होता. केटल यांच्या अंगावर त्याच सैन्याचा गणवेश होता. तो त्यांनी उतरवला नाही, आघाडीवर गेले आणि सप्टेंबरात फ्रान्समध्ये जिंशी येथे मारले गेले. दोघी बहिणी पाच महिन्यांच्या आत विधवा झाल्या. यांतील कोणाला देशद्रोही म्हणायचे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

(जाता जाता: लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली तीही नेमकी उठावाच्या त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला. 'होमरूल' हा शब्दच आपल्याकडे आयर्लंडहून आला.)

काळी माती

जुनी पाने यांच्या विवेचनाशी सहमत आहे, मात्र सैनिकांपेक्षा पोलिसांची स्थिती अधिक बिकट होती, हे नोंदवावेसे वाटते. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीतील बहुसंख्य शिपाई कॅथलिक, छोट्या शेतकऱ्यांची मुले होती. २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये पहिली आयरिश लोकसभा भरली, त्याच दिवशी टिपरेरीत सोलोहेडबेग येथे खाणीकडे सुरुंगाची दारू नेणाऱ्या गाडीवर हल्ला झाला आणि सोबतचे दोन पोलीस मारले गेले. दोघेही आयरिश, दोघेही कॅथलिक. पुढे गावोगाव पोलिसांवर बहिष्कार पडला. दुकानदार त्यांना सामान देईनात, आणि पोलिसाशी बोलणाऱ्या मुलींचे केस भादरण्याचे प्रकार घडले. परकी सत्ता हटवण्याची ही किंमत होती, असे म्हणणारे आहेत, आणि मी ते म्हणणे पूर्णपणे नाकारत नाही. पण दूध विकायला नकार मिळालेली ती पोलिसाची बायकोही त्याच मातीतली होती.

एक प्रसंग तर माझ्या मनातून जात नाही. २२ जून १९२२ रोजी फील्डमार्शल सर हेन्री विल्सन लंडनमधील एका रेल्वे स्थानकावर युद्धात पडलेल्यांच्या स्मारकाचे अनावरण करून घरी परतले आणि दारातच दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. विल्सन आयर्लंडमधील लाँगफर्डचे. मारेकरी रेजिनाल्ड डन आणि जोसेफ ओसलिव्हन हे लंडनमध्ये जन्मलेले आयरिश, आणि दोघेही महायुद्धात इंग्रज सैन्यातून लढलेले. ओसलिव्हनने बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर एक पाय गमावला होता. लाकडी पायाने त्याला पळता येईना, आणि डनने त्याला मागे सोडले नाही. दोघेही पकडले गेले आणि ऑगस्टमध्ये फासावर गेले. ज्या राजासाठी पाय दिला, त्याच राजाच्या सेनानीला मारून तो मेला.

उत्तरा

आतापर्यंतच्या चर्चेत उत्तरेकडील प्रोटेस्टंट समाज आलेलाच नाही. त्यांच्या निष्ठेलाही पेच होता. २८ सप्टेंबर १९१२ रोजी उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात दोन लाखांहून अधिक पुरुषांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. आम्ही राजाचे निष्ठावंत प्रजाजन आहोत आणि म्हणूनच राजाच्या संसदेने लादलेले स्वराज्य मानणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. त्यासाठी त्यांनी १९१४ मध्ये लार्न बंदरात चोरून बंदुका उतरवल्या. पुढे हेच लोक १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत हजारोंनी पडले. त्या रक्तामुळे आपले ब्रिटिशपण कायमचे सिद्ध झाले, असे त्यांच्या घरांत आजही मानले जाते. दोन्ही समाजांचे १९१६ वेगळे आहे, आणि आयर्लंडच्या फाळणीनंतरच्या हिंसेचे मूळ बऱ्याच अंशी तेथे आहे, असे माझे मत आहे.

वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साडूंची हकिगत वाचून रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. एकच शंका उरली. डेलीच्या पार्थिवाचे पुढे काय झाले, आणि महायुद्धातून परतलेल्या इतरांचे काय?

जुनी पाने

डेलीचे अवशेष १९७० मध्ये मायदेशी नेले आणि वेस्टमीथमधील टिरेल्सपास या त्याच्या गावी सन्मानाने पुरले. बंडातील शिपायांना निवृत्तिवेतन देणारा कायदा आयरिश सरकारने १९३६ मध्येच केला होता.

महायुद्धातील सैनिकांना मात्र वाट पाहावी लागली. डब्लिनला आयलंडब्रिज येथे त्यांच्यासाठी स्मृतिउद्यान बांधले गेले. त्याचा आराखडा नवी दिल्ली उभारणाऱ्या लचेन्स यांचाच. उद्यान दुसऱ्या महायुद्धापूर्वी तयार झाले, पण त्याचे औपचारिक उद्घाटन १९८८ मध्ये झाले. तोवर परतलेल्यांपैकी बहुतेक जण हयात नव्हते.