नेदरलँड्स: ३० टक्के रूलिंग मिळाल्यावर हातात नेमके किती येतात?

मुळाकाठ
आइंडहोव्हनची ऑफर आहे. वर्षाला ८०,००० युरो ग्रॉस, त्यात ८ टक्के हॉलिडे अलाउन्स धरलेला. १ सप्टेंबर २०२५ ला रुजू व्हायचंय. वय ३४, आत्तापर्यंत राहणं पुण्यातच. रूलिंगचा (परदेशातून भरती झालेल्यांच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त ठेवणाऱ्या सवलतीचा) अर्ज कंपनीबरोबर मिळून करायचा आहे. ऑनलाइन कॅल्क्युलेटर महिन्याला ५,४७७ युरो दाखवतो, एचआर म्हणतात ५,००० धरून चाला. हा पावणेपाचशेचा फरक कशाचा? घरभाड्याची मर्यादा यावरच ठरणार आहे.

पगारपत्रक
दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. २०२५ च्या दरांनी हिशोब असा:

८०,००० चे ३० टक्के, म्हणजे २४,००० करमुक्त. कर लागतो ५६,००० वर. पहिल्या ३८,४४१ वर ३५.८२ टक्क्यांनी १३,७७० आणि उरलेल्या १७,५५९ वर ३७.४८ टक्क्यांनी ६,५८१, मिळून २०,३५१. यातून दोन क्रेडिट, म्हणजे करातली थेट सूट, वजा होतात. जनरल टॅक्स क्रेडिट जास्तीत जास्त ३,०६८, पण उत्पन्न २८,४०६ च्या पुढे गेलं की ६.३३७ टक्क्यांनी घटतं. तुमच्यासाठी उरतं १,३१९. लेबर क्रेडिट ५,५९९, ते ४३,०७१ नंतर ६.५१ टक्क्यांनी घटतं, उरतं ४,७५७. कर झाला १४,२७५, हातात वर्षाला ६५,७२५. रूलिंग नसतं तर साधारण ५३,४६६ आले असते.

कॅल्क्युलेटरने ६५,७२५ ला सरळ १२ ने भागलंय. प्रत्यक्षात मासिक ग्रॉस ६,१७३ असेल आणि ५,९२६ चा हॉलिडे अलाउन्स बहुतेक ठिकाणी मे महिन्यात एकरकमी येतो. त्यातले हातात सुमारे ३,८४०. ते बाजूला काढले की महिन्याला ५,१५७ राहतात.

मे महिन्याची स्लिप बघून पुष्कळ जण दचकतात, कारण अलाउन्सच्या करपात्र भागावर निम्म्याहून जास्त कापलेलं दिसतं. ती चूक नव्हे. या पट्ट्यात प्रत्येक वाढीव करपात्र युरोवर ३७.४८ टक्के तर लागतातच, शिवाय दोन्ही क्रेडिट घटत असतात, मिळून ५०.३३. बोनसलाही हेच लागू.

उरलेला फरक पेन्शनचा असावा. तुमचा वाटा महिन्याला २५० असेल तर तो कर लागण्याआधी कापला जातो, म्हणून हातातले २५० नाही, सुमारे १६२ कमी होतात. ५,१५७ चे ४,९९५ झाले. एचआरला पेन्शनचा तुमचा वाटा लेखी विचारा.

डोमेलकाठ
हिशोब चोख आहे. रूलिंग मिळण्याच्या अटींकडेही नीट बघा, कारण घोटाळे तिथे होतात.

२०२५ ची पगाराची अट ४६,६६० आहे आणि ती करमुक्त भाग वजा केल्यानंतरच्या पगाराला लागते. तुमचे ५६,००० उरतात, काळजी नाही. पण कुणाची ऑफर ६०,००० असेल तर ३० टक्के काढल्यावर ४२,००० राहतात; मग करमुक्त भाग १८,००० ऐवजी १३,३४० वर थांबवावा लागतो. पूर्ण ३० टक्के हवे असतील तर ग्रॉस किमान ६६,६५७ लागतो. तिशीच्या आतल्या मास्टर्स पदवीधरांसाठी अट ३५,४६८. व्हिसाची पगाराची अट वेगळी आहे, ती यात मिसळू नका.

करारावर सही भारतात असतानाच करा. आधी येऊन राहायला लागलात आणि नंतर नोकरी धरलीत, तर ‘परदेशातून भरती’ ही अटच मोडते. अर्ज रुजू झाल्यापासून ४ महिन्यांत गेला पाहिजे, म्हणजे डिसेंबरअखेर. मग लाभ १ सप्टेंबरपासून मिळतो. उशीर झाला तर अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून, मागचे महिने गेले. अर्ज हेर्लेनच्या कर कार्यालयात जातो. मंजुरी येईपर्यंत पगार रूलिंगशिवायच पडू शकतो. तसा, पेन्शन कापण्याआधी, साधारण ४,२०० ते ४,३०० धरून पहिल्या काही महिन्यांची शिल्लक जवळ ठेवा. फरक नंतर एकदम मिळतो.

आणि १ जानेवारी २०२७ पासून तुम्हाला ३० चे २७ टक्के होतील. आजच्या दरांनी महिन्याला शंभरेक युरो कमी. पाच वर्षांचा हिशोब मांडताना हे धराच.

मुळाकाठ
दोघांचेही आभार, आता आकडे जुळले. एक राहिलं: पुण्यातला फ्लॅट आणि एफडी डच कर विवरणात दाखवाव्या लागतात का? जुन्या लेखांत ‘गरज नाही’ असं वाचलंय.

पगारपत्रक
ते लेख विसरा. रूलिंग असलेल्यांना मिळणारी ती सूट १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यांचं रूलिंग चालू होतं त्यांनाच २०२६ अखेरपर्यंत मिळते. तुम्हाला जगभरातली मालमत्ता बॉक्स ३ मध्ये, म्हणजे विवरणातल्या बचत-गुंतवणुकीच्या भागात, दाखवावी लागेल. २०२५ ची करमुक्त मर्यादा माणशी ५७,६८४ युरो, पती-पत्नी मिळून १,१५,३६८. फ्लॅटही दाखवायचा, पण भारताशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे त्यावरच्या करात सवलत मागता येते. एफडी आणि म्युच्युअल फंडांना तशी सवलत नाही, त्या मर्यादेत बसतात का ते बघा. १ जानेवारीच्या शिल्लकेचे स्टेटमेंट बँकेकडून काढून ठेवा.

डोमेलकाठ
भाडं ठरवताना आरोग्य विमा विसरू नका. तो पगारातून कापला जात नाही, प्रत्येक प्रौढाला (२०२५ मध्ये) महिन्याला १५५ ते १६० युरो स्वतः भरावे लागतात. मुलांना मोफत. ४ महिन्यांत उतरवला तरी हप्ते आल्या दिवसापासूनचे लागतात. पती-पत्नी दोघे असाल तर मिळून ३२० गेले की ४,९९५ चे ४,६७५ उरतात. भाड्याची मर्यादा या आकड्यावर ठरवा.

पहिल्या वर्षी चारच महिन्यांचं उत्पन्न असेल, पण करकपात पूर्ण वर्षाच्या पगाराच्या दराने होते. म्हणून २०२६ मध्ये एम-फॉर्म (वर्षाच्या मधेच देशात आलेल्यांचं कर विवरण) भरा, बहुधा परतावा निघतो. मात्र तो हातात यायला वेळ लागतो, घराच्या डिपॉझिटसाठी त्यावर विसंबू नका.